डाव्या हातातला ग्लोव्ह

ग्लोव्ह आधीच घातलेला होता. एवढंच. दुसऱ्या कुणाला त्यात काही दिसलं नसतं, आणि दिसलंही नाही. खोलीत अठरा बायका होत्या, कुणी मोजे चढवत होती, कुणी पायाला चिकटपट्टी गुंडाळत होती, कुणी भिंतीला कपाळ टेकून गप्प उभी होती, आणि आमची गोलकीपर, जिला सगळ्या धाकटी म्हणतात, माझ्यासमोरच्या बाकावर पाय पसरून बसली होती, रोजच्यासारखी, फक्त डाव्या हातात ग्लोव्ह होता. आता गोलकीपरला आपलं आपण सगळं चढवता येत नाही असं नाही, पण आमच्या हॉकी क्लबात तसं करत नाहीत. बाकावर बसणारी गोलकीपर खेळणारीचे पट्टे आवळते. आधी पावलांवरचे किकर, मग पॅड, मग छातीचं, मग हेल्मेट, आणि अगदी शेवटी ग्लोव्ह, कारण एकदा ते फुगीर ठोकळे हातात गेले की माणसाला स्वतःचं नाकसुद्धा पुसता येत नाही. शेवटचा पट्टा ओढून झाला की आवळणारीने विचारायचं, "घट्ट?" आणि खेळणारीने म्हणायचं, "घट्ट." हे कुणी सुरू केलं देव जाणे. माझ्या आधीपासून आहे. आधी मी खेळायचे आणि धाकटी माझे पट्टे आवळायची, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि आवळताना जीभ बाहेर काढायची. तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी मास्तरणीने, म्हणजे आमच्या कोचने, संघाची यादी वाचली आणि आम्ही जागा बदलल्या. मी गुडघ्यावर बसले, धाकटीने पाय पुढे केला, आणि दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं. तेव्हापासून मी तिचे पट्टे आवळत आले, एकदाही आधी ग्लोव्ह नव्हता.

"हात दाखव," मी म्हणाले.

"गार पडलेत गं ताई, म्हणून घातला."

"एकच गार पडलाय?"

तिने तो हात मागे घेतला. मी खाली वाकून तिचा किकर बांधू लागले, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. काल उपांत्य सामन्याच्या शेवटच्या मिनिटाला तिने डावीकडे झेप घेऊन एक चेंडू खांबाला लावून बाहेर काढला होता. सगळं मैदान उभं राहिलं होतं, मीही. आणि उठताना तिने हात एकदा झटकला होता, ओल्या हातावरचं पाणी झटकावं तसा. ते मी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि टाळ्या वाजवत राहिले होते. गेली सतरा वर्षं मी एका हॉस्पिटलात हाडांचे एक्स-रे काढते, क्लबात सगळ्या मला फोटोवाली म्हणतात, आणि खरं सांगायचं तर मला फोटो काढायच्या आधीच कळतं. माणूस दारातून आत येताना दुखरा अवयव आपल्यापासून थोडा लांब धरतो, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा. धाकटीने तो हात तसा धरला होता.

"मधलं बोट?"

"मुरगळलंय नुसतं."

"मुरगळलेल्या बोटांवरच माझा पगार चालतो. मास्तरणीला सांगूया. तू सांग, नाहीतर मी सांगते."

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, तेच तर वाईट. अगदी साध्या आवाजात, दुकानात भाव विचारावा तसं तिने विचारलं, "तुला खेळायचंय म्हणून ना, ताई?"

माझ्या हातातला पट्टा सुटला. मी तो परत ओवला, ओढला, दुसरा ओवला. खेळायचंय म्हणून? अगं भवाने, एक्केचाळीस वर्षांची आहे मी, हा माझा शेवटचा मोसम आहे, हे तुला, मला, मास्तरणीला आणि स्कोअरबोर्डलासुद्धा माहीत आहे, आठ देशांचे आठ क्लब आपल्या शहरात आलेत, चार दिवस मी पूर्ण सरंजामात बाकावर बसून घामाने निथळतेय, आणि मला खेळायचं नसेल? सकाळी नवऱ्याने डबा भरताना विचारलं होतं, "आजही बसूनच येणार का गं?" तो थट्टा करत होता, आणि मीही हसले होते, आणि मग मोरीत जाऊन उगाचच नळ सोडून उभी राहिले होते. खेळायचंय तर. पण म्हणून बोट मोडलं नव्हतं, आणि मोडलेलं बोट माझ्या खेळायच्या इच्छेमुळे जोडलंही जाणार नव्हतं. हे सगळं मी तिला म्हणाले नाही. हेल्मेटचा पट्टा तिच्या हनुवटीखाली लावला, उजव्या हातात ग्लोव्ह चढवला आणि विचारलं, "घट्ट?" ती म्हणाली, "घट्ट." आणि ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या बाईसारखी मी खाली मान घालून माझा स्वतःचा सरंजाम चढवू लागले.

बाकावरून मैदान फार स्वच्छ दिसतं. खेळताना गोलकीपरला दिसतात ती फक्त येणारी माणसं. बाकावर बसल्यावर कळतं की ती कुठून आली. चार दिवसांत मी जे पाहिलं त्याने माझं मन इतकं भरून आलं होतं की मला कुणाशी तरी बोलायचं होतं, पण शेजारी बसलेल्या बायका पाच पाच मिनिटांनी आत जात होत्या. स्पर्धेच्या पुस्तिकेत खेळाडूच्या नावापुढे तिचा धंदा छापला होता, ही कल्पना ज्या कुणाची होती तिचे पाय धरावेत. नर्स, टाइल्स बसवणारी, कोर्टातली कारकून, मधमाश्या पाळणारी, लिफ्ट दुरुस्त करणारी, दोन मुलांची आई आणि पुढे काही नाही. समोरच्या संघाची ती उंच आघाडीची खेळाडू तिच्या देशात दाई होती. तिने चार दिवसांत सात गोल केले होते आणि प्रत्येक गोलनंतर ती हरलेल्या गोलकीपरच्या हेल्मेटवर टिचकी मारून यायची, बाळाच्या गालावर मारावी तशी. यांतल्या कुणालाही खेळायचे पैसे मिळत नव्हते. रजा टाकून, मुलं सासूकडे ठेवून, रात्रपाळ्या आगाऊ करून त्या आल्या होत्या, आणि पेनल्टी कॉर्नरला त्या दगडासारख्या चेंडूसमोर पहिली धाव घेत होत्या. आमची पहिली धावणारी शाळेत गणित शिकवते. चेंडू सुटला की तिने सरळ मारणाऱ्या बाईच्या अंगावर धावत जायचं, म्हणजे चेंडू तिला तरी लागेल किंवा वाट तरी चुकेल, एवढंच तिचं काम. तिच्या मांड्यांवर सगळ्या रंगांचे गोल डाग आहेत. मी तिला एकदा विचारलं होतं, भीती वाटत नाही का गं? ती म्हणाली, "वाटते ना. म्हणून तर जोरात धावते." अशा बायका. मला त्यांचा अभिमान वाटत होता आणि त्याच वेळी माझी स्वतःची लाज वाटत होती, कारण मी शहाण्यासारखी गप्प बसले होते.

गप्प बसण्याबद्दल मला जरा जास्त माहिती आहे. तेवीस वर्षांची असताना माझा उजवा अंगठा मोडला होता. तोही असाच, मोठ्या सामन्याच्या आदल्या दिवशी. माझे पट्टे तेव्हा टपालवाली आवळायची. ती आमच्या भागात पत्रं वाटायची, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठी, कुत्र्यांना घाबरायची आणि चेंडूला नाही. तिने माझा अंगठा पाहिला होता. पाहिला, काही बोलली नाही, ग्लोव्ह हळूच वरून चढवला आणि विचारलं, "घट्ट?" मी खेळले, आम्ही जिंकलो, आणि माझा अंगठा आजतागायत सरळच आहे, वाकत नाही. बरणीचं झाकण नवरा उघडतो. शर्टाचं वरचं बटण मी डाव्या हाताने लावते. कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आले की काय बाई होती, जीव गेला तरी चहाडी करणार नाही. मग तिला क्लबाने निरोप दिला त्या संध्याकाळी ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुला एक सांगू? त्या दिवशी मी बोलले असते तर सगळ्या म्हणाल्या असत्या, हिला आयत्या बिळावर नागोबा व्हायचंय. म्हणून बोलले नाही. तुझ्यासाठी नाही गं गप्प बसले. माझ्या नावासाठी." आणि माझा तो सरळ अंगठा हातात घेऊन तिने थोडा वेळ चोळला, जणू अजून काही होण्यासारखं होतं. मला तेव्हा तिचा राग आला नाही. आता बाकावर बसल्या बसल्या आला. आणि मग लगेच कळलं की तो राग तिच्यावर नव्हता.

धाकटी केस कापते. स्टेशनरीच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर तिचं दोन खुर्च्यांचं सलून आहे, आणि अख्खा संघ तिच्याकडेच जातो. कात्री उजव्या हातात असते, पण केस कापतो तो डावा हात, हे मला आरशात बघून कळलं. डाव्या हाताच्या पहिल्या आणि मधल्या बोटात ती बट धरते, ताणते, कुठे थांबायचं ते त्या दोन बोटांना समजतं, कात्री नुसती मागून येते. महिन्यातून एकदा ती बोटं माझ्या डोक्यावर फिरतात. मला डोळे मिटून सांगता येईल ती कुठली. तीन वर्षांपूर्वी जागा बदलल्या त्यानंतर मी दोन महिने तिच्याकडे गेले नव्हते, केस मानेवर आले तरी. शेवटी तिनेच फोन केला, "ताई, रुसलीस तर रूस, पण त्या केसांवर कशाला राग काढतेस?" मी गेले. तिने माझं डोकं बेसिनमध्ये मागे टेकवलं आणि कानामागे, जिथे हेल्मेटची कड घासते, तिथे त्या दोन बोटांनी दाबलं. कुणीही न सांगता. त्या जागेचं दुखणं फक्त गोलकीपरला माहीत असतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते शाम्पूचं आहे असं आम्ही दोघींनी ठरवलं. तर ती बोटं. त्यांतलं एक आता त्या ठोकळ्यात सुजून बसलं होतं.

आणि काय खेळत होती पोरगी! पहिल्या दोन सत्रांत तिने सहा चेंडू अडवले, त्यांतला एकही डाव्या हाताने नाही. आधी माझ्याही लक्षात आलं नाही. मग दिसलं की ती गोलच्या मधोमध उभी राहतच नव्हती, पाऊलभर डावीकडे सरकून उभी होती. उजवी बाजू मुद्दाम उघडी टाकायची, तिकडे चेंडू बोलवायचा आणि मग लांब उजव्या पायाने तो काढायचा. डाव्या बाजूचं काम तिने पायांना वाटून दिलं होतं. एका कॉर्नरला चेंडू डाव्या खांबाशी वर आला तेव्हा तिने चक्क डोकं घातलं. हेल्मेटचा तो टण्ण आवाज बाकापर्यंत आला. लोक हसले, ओरडले. मी हसले नाही. एका हाताने आंतरराष्ट्रीय अंतिम सामना खेळणं म्हणजे काय हे त्या मैदानावर दोघींनाच कळत होतं, आणि मला वाटलं की मी हे असं कधीच, माझ्या सर्वांत चांगल्या दिवशीसुद्धा, खेळले नसते. मत्सर वाटेल असं वाटलं होतं. मत्सर आलाच नाही.

मधल्या सुट्टीत एक-एक बरोबरी होती. मी आतल्या खोलीत तिच्यासमोर पाण्याची बाटली धरली, ती नळीने प्यायली, ग्लोव्ह काढला नाही. मी बाटलीचं झाकण लावलं. तिसऱ्या सत्राच्या मध्यावर दाईला कळलं. मी तिला कळताना पाहिलं. तिने एक साधा फटका डावीकडे, खांद्याच्या उंचीवर मारला, धाकटीने हात पुढे करायच्या ऐवजी सगळं अंग फिरवून तो छातीवर घेतला, आणि दाई मागे पळता पळता थबकली. मान वाकडी करून तिने एकदा पाहिलं. बायकांच्या वेदना ओळखण्यावर तिचं पोट होतं, तिला कळायला असा किती वेळ लागणार. तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. कमकुवत बाजूला मारायचं, हाच तर खेळ आहे. पुढचे दोन चेंडू तिकडेच आले. एक बाहेर गेला. दुसरा त्या ग्लोव्हवर बसला. धाकटी ओरडली नाही, तिचे दोन्ही गुडघे फक्त एकदम आत वळले. माझ्या शेजारी मास्तरीण बसली होती. एरवी ती गाडी चालवायला शिकवते, आणि समोरून हल्ला आला की तिचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबतो. तो पाय तिने दाबून धरला होता. "वाचलो," ती म्हणाली. तिला काहीच दिसलं नव्हतं. अजून पंधरा मिनिटांचं एक सत्र होतं, आणि आता प्रत्येक चेंडू त्या बोटावर येणार होता.

तिसऱ्या सत्राचा भोंगा झाला. सुट्टी दोन मिनिटांची. सगळ्या जणी गोल करून उभ्या राहिल्या, धापा टाकत, आणि मास्तरीण फळीवर खुणा करू लागली. मी म्हणाले, "हिचं बोट मोडलंय."

कुणाला ऐकूच आलं नाही. मी पुन्हा म्हणाले, जोरात. "धाकटीचं डावं मधलं बोट मोडलंय. कालपासून. तिला बाहेर काढा."

आता सगळ्या वळल्या. गणिताची बाई माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत ते होतं, ज्याला घाबरून टपालवालीने अठरा वर्षांपूर्वी जीभ चावली होती. मास्तरणीने फळी खाली केली. "आणि तुला आत जायचंय का?" तिने विचारलं. ती वाईट बाई नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"हो," मी म्हणाले. "जायचंय. तीन वर्षं जायचंय, रोज जायचंय. आणि तिचं बोटही मोडलंय. दोन्ही खरं आहे. तुम्हाला मला घ्यायचं नसेल तर बाकीच्यांतल्या कुणालाही हेल्मेट घाला, मला चालेल, पण हिला काढा. ही केस कापते."

शेवटचं वाक्य ऐकून कुणीतरी हसलं असतं, पण कुणी हसलं नाही. धाकटी हेल्मेट कपाळावर सारून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता ती तोडेल मला, सगळ्यांसमोर. तिने डावा हात तोंडाजवळ नेला, ग्लोव्हची कड दातांत धरली आणि ओढली. बोट जांभळं होतं, आणि दुप्पट. गणिताच्या बाईने "आई गं" म्हणून तोंड फिरवलं. मास्तरीण मला म्हणाली, "पळ." आणि मी वळले, आणि पाय पुढे टाकला, आणि माझा पॅड फडफडत माझ्याच नडगीवर आपटला.

मी पट्टे सोडून बसले होते. दोन्ही पायांचे, पोटऱ्यांवरचे. बाकावर बसून ते रुततात, रक्त थांबतं, पाय बधिर होतात, आणि तीन वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. सवयच लागली होती, बसलं की पहिलं पट्टे सोडायचे. खेळायला इतकी आसुसलेली मी, आणि माझ्या हातांनी कधीच मान्य केलं होतं की मला कुणी बोलवणार नाही. मी वाकले, पण छातीचं कवच घालून उभ्याने स्वतःच्या पोटऱ्यांपर्यंत हात पोचत नाहीत, आणि ग्लोव्ह मी घाईघाईत आधीच चढवून बसले होते. पंच घड्याळ बघत होते.

"अशी निघाली होतीस?" धाकटी म्हणाली, आणि माझ्यासमोर गुडघ्यांवर बसली.

डावा हात तिने मांडीवर उताणा ठेवला होता, नुकतंच जन्मलेलं काहीतरी ठेवावं तसा. उजव्या हातातलाही ग्लोव्ह तिने काढला आणि त्या हाताने पट्टा ओवला. ओवता येतो एका हाताने, पण आवळता येत नाही. एकाने बक्कल धरावं लागतं, दुसऱ्याने ओढावं लागतं. तिने बक्कल बोटांत धरलं, वाकली आणि पट्ट्याचं टोक दातांत घेऊन मान मागे नेली. जीभ बाहेर आली. एकोणीस वर्षांची असताना यायची तशीच. डावा पाय झाला, उजवा झाला. तिचा चेहरा घामाने आणि दुसऱ्याही कशाने तरी भिजला होता. ती रडत होती. तिने तोंडातला पट्टा सोडला आणि विचारलं, "घट्ट?"

उजव्या पायाचा खालचा पट्टा सैल होता. दोन घरं तरी सैल.

"घट्ट," मी म्हणाले आणि धावत सुटले.

आम्ही हरलो. मी पाच अडवले, सहावा गेला, शेवटून चौथ्या मिनिटाला, खाली, उजव्या बाजूने. पट्टा सैल होता म्हणून नाही. मी उशिरा खाली बसले, वय झालं, आणि तो फटका दाईचा होता. ती आली आणि माझ्या हेल्मेटवर टिचकी मारून गेली. मग दहा पावलं जाऊन परत वळली, आमच्या बाकाकडे बोट दाखवलं आणि छातीवर हात ठेवून मान लववली. बाकावर धाकटी बर्फाच्या पिशवीत हात घालून उभी होती. समारंभात दुसऱ्या क्रमांकाची पदकं गळ्यात पडताना मागच्या रांगेत आमच्यातलीच एक कुजबुजली, "धाकटी असती तर तो गोल झाला नसता." मला ऐकू आलं, आणि तिलाही कळलं की मला ऐकू आलं. खरंही असेल ते. घरी जाताना नवरा म्हणाला, "आज उभी राहून आलीस." मी खिडकीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या बोटाचा फोटो मीच काढला. प्लेटवर तिचा पंजा ठेवताना माझ्या हाताला तिचा हात लागला, गरम. पडद्यावर सांध्याच्या अगदी कडेला केसाएवढी रेघ होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अजून एक फटका आणि हा सांधा गेला असता. नशीबवान आहेस." धाकटी पडद्याकडे बघत राहिली. त्या बाहेर गेल्यावर तिने विचारलं, "ताई, तुला इतकं खेळायचं होतं?"

"होतं."

"मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

मी आपला तिचा फोटो पाकिटात घातला, माझ्या त्या सरळ अंगठ्याने पाकिटाची कड दाबली, आणि ती त्या अंगठ्याकडे पहिल्यांदाच पाहिल्यासारखी बघत राहिली.

पट्टी निघाली त्या आठवड्यात तिने मला बोलावलं. पहिलं डोकं तुझंच, म्हणाली, वाकडं कापलं गेलं तर तू कुणाला सांगणार नाहीस. मी खुर्चीत बसले. खालच्या दुकानातून पेन्सिलींचा वास येत होता. तिने कानामागून एक बट उचलली, आणि मला त्या दोन बोटांची जागा कळली, पहिलं जुनं होतं तसंच, मधलं थोडं जाड, थोडं घाबरट. ते केसांवरून घसरलं. तिने पुन्हा धरलं. पुन्हा घसरलं. आरशात तिचा चेहरा दिसत होता, मी डोळे मिटून घेतले. तिसऱ्यांदा ती बोटं मिटली आणि टाळूपाशी केस असे ताणले गेले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि शाम्पू तर अजून लावलाही नव्हता.

"घट्ट?" मी विचारलं.

"गप्प बस," ती म्हणाली. "मान हलतेय."